झाड फुटपाथवर आलंय, की फुटपाथ झाडावर?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या रस्त्याचा फुटपाथ नव्याने बांधायचं घाटतंय. जुने ब्लॉक उखडून काँक्रीट, नवे कर्बस्टोन (कडेचे दगड), खाली केबलचे नवे पाइप. एका बाजूच्या एकोणीस झाडांच्या खोडांवर पिवळ्या रंगात आकडे पडलेत. असे आकडे पडले की पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लगेच दोन तट पडले. एक "झाडाला हात लावाल तर बघा" म्हणणारे, दुसरे "चालायला जागा नाही, पाडा ती झाडं" म्हणणारे. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच रात्रभर झोप लागली नाही आणि हा धागा काढला.

माझी आई शहात्तर वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. चार महिन्यांपूर्वी सातव्या झाडापाशी मुळाने उचललेल्या ब्लॉकला अडखळून पडली आणि मनगट मोडलं. आणि त्याच सातव्या झाडाखाली ती उन्हाळ्यात दम घ्यायला थांबते, कारण चौकापासून घरापर्यंत दुसरी सावलीच नाही. हात प्लास्टरमध्ये असताना मला म्हणाली, "झाडाला काही बोलू नकोस. खोडाला टेकवून ब्लॉक कुणी बसवले ते विचार."

रविवारी टेप घेऊन गेलो. फुटपाथ २.४ मीटर. भिंतीपासून खोडापर्यंत १.०५, खोड ५५ सेंटिमीटर, खोडापासून कडेपर्यंत ८० सेंटिमीटर. ब्लॉक खोडाला असे भिडवलेत की मधे बोटही जात नाही. एका ठिकाणी साल ब्लॉकच्या कडेवरून ओघळल्यासारखी पुढे आली आहे. ब्लॉकचा कोपरा सालीत गेलाय, काढता येत नाही. उचललेल्या ब्लॉकची उंची मोजली, ९ सेंटिमीटर.

मला विचारायचंय ते असं, की मुळं ब्लॉक का उचलतात? झाड न पाडता फुटपाथ सरळ करता येतो का? आणि अधिकाऱ्यांसोबतच्या बैठकीत नेमकं काय मागायचं? नुसतं "झाडं वाचवा" म्हणून जायचं नाहीये.

---

उंबरठा

मी व्हीलचेअर वापरते, त्यामुळे थेट लिहिते.

१.०५ मीटर कागदावर पुरतं. माझी खुर्ची ६५ सेंटिमीटर रुंद आहे. चाक ढकलताना दोन्ही बाजूंना हात आणि कोपर जातात, ते धरा. समोरून कुणी आलं की एकाला मागे जावं लागतं, आणि खुर्ची वळवायला दीड मीटर तरी लागतो. म्हणजे मी मागे जाते ते उलटी, न बघता.

आणि मुळाने उचललेली फरशी नुसती उंच नसते, तिरकी असते. चालणाऱ्याला तो उतार जाणवतही नाही. माझी खुर्ची रस्त्याकडे ओढली जाते आणि एका हाताने तिला धरून ठेवावं लागतं. झाडाभोवती लोखंडी जाळी असली तर आणखी वेगळी तऱ्हा. पट्ट्या चालण्याच्या दिशेने लावल्या असल्या की पुढचं छोटं चाक फटीत बसतं आणि मी पुढे फेकली जाते. एकदा पडले आहे.

मग मी काय करते? रस्त्यावर उतरते, बसच्या बाजूने जाते. झाडं मलाही आवडतात. पण दर वेळी झाड आणि माणूस यांच्यात निवड करायची आली की "थोडं ॲडजस्ट करा" हे मलाच का ऐकावं लागतं?

---

गिट्टी

पायवाट, मोजमाप दिलंत हे फार बरं केलंत. मी रस्तेबांधणीत आहे, म्हणून मुळांबद्दल आधी.

मूळ फरशीला ढकलायला येत नाही. फुटपाथखालची माती आपण रोलरने इतकी घट्ट करतो की तिच्यात हवा उरत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. दाबलेली माती आणि वरची फरशी यांच्यामध्ये एक बारीक पोकळी राहते. तिथे हवा असते आणि फरशी गार झाली की खालून ओल धरते. दोऱ्याएवढं मूळ तिथे शिरतं, कारण आसपास जगण्याजोगी तेवढीच जागा असते. मग दरवर्षी ते जाड होत जातं आणि पंधरा-वीस वर्षांनी तुमच्या आईंचा पाय अडतो. गटारांचंही असंच आहे. धड पाइप मूळ सहसा फोडत नाही, गळक्या सांध्यातून आत शिरतं.

आता जागा. आपण १ मीटर बाय १ मीटरचा खड्डा घेतो, मीटरभर खोल. त्यात माती झाली १ घनमीटर. वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ हिशोब असा, की झाडाच्या फांद्या-पानांच्या घेराखालच्या दर चौरस मीटरला साधारण ०.६ घनमीटर मोकळी माती हवी. सहा मीटर व्यासाचा घेर म्हणजे २८ चौरस मीटर सावली, म्हणजे १७ घनमीटर माती. आपण देतो १. उरलेल्या १६ साठी झाड फरशीखाली शिरणार नाही तर काय करणार?

पण यातच वाट आहे. माणसाला जागा जमिनीच्या वर लागते, झाडाला मुख्यतः खाली. वर दीड-दोन मीटरची चालवाट आणि तिच्याच खाली मुळांची माती, हे एकाच ठिकाणी बसू शकतं. अट एकच, वरचं वजन मातीने नाही तर दगडाने पेललं पाहिजे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात असं मिश्रण तयार झालं. वजनाने सुमारे ८० टक्के फोडलेली खडी, बाकी चिकण पोयट्याची माती. रोलर फिरवला की खडीला खडी टेकते आणि भार पेलते. मधल्या पोकळीतली माती दबत नाही, मुळं तिथून जातात. स्टॉकहोममध्ये याहून मोठे, १०० ते १५० मिलिमीटरचे दगड अंथरतात, पाण्याच्या झोताने त्यांच्या फटींत माती भरतात, वर हवेसाठी लहान खडीचा थर देतात आणि पावसाचं पाणी त्यातच सोडतात. जुन्या, वाळत चाललेल्या झाडांखालीही त्यांनी हे केलं आहे. त्यात काही जादू नाही. खडी, माती, पाणी, हे सगळं आपल्या रोजच्या कामातलंच आहे.

उंबरठाताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३, २०१२) चालवाट किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळी हवी असं आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारणपणे २ मीटर, ते जमत नसेल तर दीड, आणि अडथळ्यापाशी थोड्या अंतरापुरताच १. म्हणजे १.०५ आपल्याकडच्या मापात बसत नाही. "ॲडजस्ट करा" हे उत्तर तुम्ही घेऊच नका.

---

पालवी

मी झाडांची तपासणी आणि छाटणी करते. गिट्टींनी खालचं सांगितलं, मी धोक्याचं सांगते.

पायवाट, झाडं पाडायचा निर्णय बदलला तरी केबलच्या पाइपचा चर थांबवा. तो चर खोडापासून किती अंतरावर आहे हे आधी विचारा. बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या ते एक मीटर मातीत असतात. खोल जाणारं सोटमूळ शहरातल्या मोठ्या झाडाला क्वचितच उरतं. बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या ब्रिटिश मानकात (बीएस ५८३७) खोडाच्या जाडीच्या बारा पट त्रिज्या जपायला सांगितली आहे. तुमचं ५५ सेंटिमीटरचं खोड म्हणजे ६.६ मीटर. एवढं शहरात मिळणार नाही, ठाऊक आहे. पण एका बाजूने सरळ रेषेत जेसीबीने चर मारला, की त्या बाजूचे सगळे आधार एका दुपारीत तुटतात. झाड तेव्हा पडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी वादळात पडतं आणि मग सगळे म्हणतात, "बघा, झाडं धोकादायक असतात."

चर हाताने खणायला लावा. मनगटाएवढं मूळ दिसलं की पाइप त्याच्या खालून सरकवायचा. हवेच्या झोताने माती उडवायचं यंत्रही असतं, त्याने मुळं साबूत राहून उघडी पडतात. ती एकदा दिसली की अर्धे वाद मिटतात, हा माझा अनुभव आहे. माणसं झाड पाडायला तयार असतात, कारण त्यांनी त्याची मुळं कधी पाहिलेलीच नसतात.

आणि एकोणीसची एकोणीस झाडं वाचलीच पाहिजेत असा हट्ट धरू नका. खोडावर लाकडी हातोडीने टकटक करून पोकळ आवाज येतो का बघा, बुंध्याशी अळंबी आहे का, जमिनीला नवी भेग आहे का, तेही बघा. अशी लक्षणं दिसली की पक्की तपासणी जाणकाराकडून करून घ्या. खरोखर पोकळ झालेलं एखादं झाड असेल तर ते जाऊ द्या. त्याने बाकीच्यांसाठी तुमच्या शब्दाला वजन येईल.

---

शटर

माझं याच प्रकारच्या रस्त्यावर दुकान आहे. इथे सगळे झाडांच्या बाजूचे दिसताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, रागावू नका.

पाटी झाकली जाते. पालापाचोळा पन्हाळीत अडकतो, पहिल्या पावसात पाणी दुकानात येतं. पक्ष्यांची घाण रोज सकाळी धुवावी लागते. झाड लावणारे फोटो काढून जातात, झाडू मी मारतो. हे कुणीतरी मान्य करावं एवढीच अपेक्षा आहे.

आणि झाडांसाठी पार्किंग काढा असं कुणी म्हणत असेल तर गिऱ्हाईक कुठे थांबेल तेही सांगा.

---

पायवाट

शटरदादा, रागवायचं काहीच नाही. झाडू मारणाऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय झाड टिकत नाही, हे मला पटतं.

पण पार्किंगचा विषय तुम्ही काढलात म्हणून एक मोजमाप सांगतो. तेव्हा लिहायचं राहून गेलं होतं. आमच्या फुटपाथला लागून २.२ मीटरचा पार्किंगचा पट्टा आहे, सलग. म्हणजे फुटपाथ २.४ आणि उभ्या गाड्या २.२. त्या २.४ मध्ये माणसं, झाडं, विजेची पेटी, दिव्याचे खांब, बसथांबा आणि वर चढवलेल्या दुचाकी. त्या २.२ मध्ये फक्त गाड्या. आम्ही आठवडाभर भांडतोय ते त्या २.४ वरच. पट्ट्याकडे कुणी टेपही नेला नव्हता, मीसुद्धा नाही.

---

गिट्टी

पायवाट, हेच म्हणणार होतो. झाडाला फुटपाथवरच जागा द्यावी असा काही नियम नाही. दोन गाड्यांच्या मधे फुटपाथची कड पट्ट्यात पुढे आणून तिथे झाड लावतात. दर पाच-सहा गाड्यांमागे एका गाडीची जागा. एका गाडीला साधारण २ बाय ५ मीटर लागतात, म्हणजे १० चौरस मीटर. तेवढ्यात मीटरभर खोल माती धरली तर १० घनमीटर, आजच्या खड्ड्याच्या दहापट. फुटपाथची चालवाट त्यात एक इंचही जात नाही. ॲमस्टरडॅमने २०१९ मध्ये २०२५ पर्यंत सुमारे ११ हजार पार्किंगच्या जागा काढायचं जाहीर केलं, ती मोकळी झालेली जागा झाडं, फुटपाथ आणि सायकलींसाठी.

तुमची जुनी झाडं हलवता येणार नाहीत, पण कर्ब हलवता येतो. जुन्या झाडांच्या ओळीत कर्ब मीटरभर पुढे न्या. खोड मग फुटपाथच्या मधोमध न राहता भिंतीकडच्या पट्ट्यात येतं, त्याच्या बाहेर १.८ मीटर चालवाट मिळते, आणि खोडाभोवतीची जागा उघडी राहते.

---

कान_देऊन

मला दिसत नाही. फोनवर ऐकून वाचतो, बोलून लिहितो.

पांढरी काठी जमिनीवरचं सांगते. डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी काठीला कळत नाही. कपाळावर दोनदा लागलंय, एकदा चष्म्याची काच डोळ्याजवळ फुटली. ती २.२ मीटर उंची तुम्ही लिहिलीत, ती कुणी तपासत नाही.

पण झाडं सरळ रेषेत असली तर मला ती हवी असतात. सावली लागली, गेली, पुन्हा लागली, यावरून मी कुठवर आलो ते मोजतो. आमच्या रस्त्यावर अकराव्या सावलीनंतर औषधाचं दुकान. मधली दोन झाडं पाडली तेव्हा मी दुकान चुकलो, आणि बरेच दिवस चुकत राहिलो.

---

पालवी

कान_देऊन, हे मी कधी ऐकलं नव्हतं. लिहिलंत, खूप बरं झालं.

फांद्यांबद्दल सांगते. चालवाटेवरची फांदी २.२ मीटरच्या वर ठेवायची तर ती झाड लहान असतानाच काढावी लागते, बोटाएवढी असताना. आपण तेव्हा बघत नाही. मग ती मांडीएवढी झाली की करवत घेऊन येतो आणि वीजतारांसाठी शेंडाच उडवतो. अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. सडलेला भाग झाड आतल्या आत कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून फांदी खोडाला लागून सपाट कापायची नाही. तिच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो, त्याच्या बाहेर कापायचं. तोच कंगोरा जखम बंद करतो. शेंडा उडवलेल्या झाडाला असा कंगोराच मिळत नाही. ते वरून सडत जातं आणि फुटलेले धुमारे कच्चे राहतात. दहा वर्षांनी तेच धुमारे गाडीवर पडतात.

शटरदादांचा पालापाचोळाही खरा आहे. पन्हाळीला जाळी लावून देणं आणि वर्षातून दोनदा साफसफाई, हे झाडाच्या खर्चातच धरलं पाहिजे.

---

निवृत्त_ओव्हरसियर

तीस वर्षं याच कामात होतो. पायवाट यांच्या आईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते मला माहीत आहे.

ब्लॉक खोडाला का भिडवले? कारण बिल चौरस मीटरवर निघतं. खोडाभोवती दीड मीटरचा चौकोन मोकळा सोडला की तेवढं माप कमी होतं, आणि वर गोल कापाकापीची मजुरी अंगावर पडते. ठेकेदार वाईट नसतो, निविदेत जे लिहिलंय ते तो करतो. "झाडाभोवती अमुक जागा उघडी ठेवणे" ही बाब मापात धरून दर लावला, तर तोच माणूस ती नेटकी करून देतो. तसंच नव्या रोपांचं. रोप लावायचे पैसे असतात, पहिली तीन वर्षं पाणी घालायचे नसतात. लावलेलं मेलं की पुन्हा लावायचे पैसे मात्र मिळतात.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचं वाचलं असेल. २०१२ मध्ये तिथे रस्तेदुरुस्तीचा पंचवीस वर्षांचा करार झाला, त्यात ३६ हजार रस्त्यांवरच्या झाडांपैकी १७,५०० बदलायची असं कलम होतं. लोकांना ते २०१८ मध्ये कळलं. तोवर पाच हजारांहून अधिक झाडं गेली होती, म्हाताऱ्या माणसांना पोलिसांनी झाडांखालून उचलून नेलं होतं. काम थांबल्यावर उरलेल्या झाडांसाठी पातळ कर्ब, लवचीक थर, मुळावरून हळू चढउतार देणं, असे साधे उपाय वापरले गेले. २०२३ मध्ये चौकशीचा अहवाल आला. मी तो अर्धी रात्र वाचत बसलो होतो. माझ्या सहीने गेलेली झाडं आठवली.

तेव्हा बैठकीत भाषण करू नका. निविदेची प्रत मागा आणि त्यात तीन-चार ओळी घालून घ्या. ओळ कागदावर असली की पुढचं ती करते.

---

शटर

परवा पायवाट यांनी पट्ट्याचं लिहिलं, म्हणून काल सकाळी दुकान उघडल्यापासून समोरच्या सहा गाड्यांचे नंबर लिहून ठेवले. संध्याकाळी सातला त्यातल्या चार तिथेच होत्या. एक माझीच. गिऱ्हाइकांना दोनच जागा मिळत होत्या.

आता मी एक गाडीची जागा झाडाला द्यायला तयार आहे. बाकीच्या जागांना वेळेची मर्यादा लावा, मग माझी हरकत नाही. पन्हाळीची जाळी मात्र लिहून द्या.

---

पायवाट

मंडळी, बैठक झाली. तुमच्यामुळे पहिल्यांदा आरडाओरड न होता झाली.

आदल्या संध्याकाळी आम्ही सात-आठ जणांनी खडूने फुटपाथवर १.८ मीटरची रेघ मारली होती, चौकापासून बसथांब्यापर्यंत. सकाळी अधिकारी आले तेव्हा सगळ्यांना दिसत होतं की रेघ कुठे कुठे अडते. एकोणीस झाडांपैकी सहा ठिकाणीच खोड आडवं येत होतं. पेट्या, फलक आणि चढवलेल्या दुचाकी मिळून तेवीस ठिकाणी. "झाडं पाडा" म्हणणारे आमच्या इमारतीतले काका तिथे उभे राहून बराच वेळ ती रेघ बघत होते. नंतर त्यांनीच पहिली दुचाकी ढकलली.

पालवीताई, चौथं आणि अकरावं झाड वाजवून पाहिलं. चौथ्याचा आवाज डब्यासारखा आला आणि बुंध्याशी अळंबीही आहे. ते जाऊ द्यायला आम्ही तयार आहोत असं आपणहून सांगितलं, तसं समोरच्यांचा सूरच बदलला. अकरावं ठणठणीत आहे.

आईही आली होती. सातव्या झाडाजवळ तिने अधिकाऱ्यांना तो सालीत रुतलेला ब्लॉक दाखवला आणि म्हणाली, "हा काढताना जपून. त्याला दुखेल." कुणी हसलं नाही.

सध्या ठरलंय एवढंच. पाडायचं काम स्थगित. तीन झाडांपाशी हाताने खणून मुळं कुठे आहेत ते बघायचं, मग पाइपची रेषा ठरवायची. कर्ब पुढे न्यायचा की नाही ते वाहतूकवाल्यांच्या होकारावर अडलंय, आणि तो मिळेलच असं नाही. निविदेची प्रत मिळाली आहे. ओव्हरसियरकाका, आज रात्री तुम्हाला निरोप पाठवतो, त्या ओळी तुमच्याकडूनच लिहून हव्या आहेत.

---

उंबरठा

त्या ओळींत "झाडाभोवती लोखंडी जाळी नको" हे आहे का? आणि चढउताराचं प्रमाण?

---

पायवाट

जाळीचं लिहिलंय, पहिलीच ओळ. तिथे फुटपाथच्या पातळीला बारीक खडी दाबून बसवायची, पाणी झिरपेल आणि चाक अडकणार नाही अशी. चढउताराचा आकडा तुम्ही आणि गिट्टी मिळून द्या. खुर्चीवरून तो कसा लागतो ते आम्हाला कळणार नाही.

बुधवारी सातव्या झाडापाशी खणताहेत. मुळं दिसली की फोटो टाकतो.